तीच पुस्तके, तेच शिक्षक

‘सर्वांना तेच शिक्षक, तीच पुस्तके, मग अन्याय कसला?’ हा युक्तिवाद सीमाभागाला नवा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा-प्रशासनाने तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. तेथे इंग्रजी न येणाऱ्या २,८५६ चिनी वंशाच्या मुलांपैकी सुमारे १,८०० मुलांना इंग्रजीचे कोणतेही पूरक शिक्षण मिळत नव्हते. वर्गात ती नुसती बसून राहत.

‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात २१ जानेवारी १९७४ रोजी न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. आधार १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा. उपाय मात्र बांधून दिला नाही: इंग्रजी शिकवा, चिनीतून शिकवा किंवा अन्य मार्ग शोधा. वकिलाला अशी मोकळीक धास्तावते. पळवाट तिथूनच निघते.

ती पुढे १९८१ मध्ये टेक्सासमधील ‘कास्टानेडा’ प्रकरणात अपील न्यायालयाने बरीचशी बुजवली. अध्यापनपद्धतीला तज्ज्ञमान्य शैक्षणिक आधार आहे काय? ती राबवण्याइतके शिक्षक व साधने दिली काय? आणि काही काळाने मुलांचा भाषेचा अडसर खरोखर दूर झाला काय? तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो कागदावर नव्हे, वर्गात तपासावा लागतो.

आपल्याकडे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्यासाठी राज्याने प्रयत्नशील असावे, असे तो सांगतो. फलिताची विचारणा त्यात नाही. म्हणून निवेदनांत रिक्त जागांच्या यादीसोबत मुलांच्या वाचनाची तपासणीही मी मागतो.