नाणेघाटातली पावलं

गेल्या दिवाळीच्या सुटीत मुलांनी महाबळेश्वरचा हट्ट धरला होता. मी म्हटलं, या वेळी नाणेघाट. "म्हणजे ट्रेक?" मुलानं विचारलं. आमच्या घरात हा शब्द तोवर आलेला नव्हता. माझे आजोबा महिन्यातून दोनदा हा घाट चढत-उतरत, पण ते त्याला नुसतं 'खाली जाऊन येतो' एवढंच म्हणत.

आजोबा मणियार होते. जुन्नरच्या बाजारातून काचेच्या बांगड्या घ्यायच्या, पाठीवर ओझं बांधायचं, घाट उतरायचा आणि मुरबाडकडच्या वाड्या-वस्त्यांवर बायकांना बांगड्या भरत हिंडायचं. खाली रोख पैसा फारसा कुणाकडे नसे. परतीच्या ओझ्यात म्हणून तांदूळ असत. "उतरताना बांगडी फुटते, चढताना माणूस," हे त्यांचं बोलणं मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की त्याचा अर्थ लावावा असं कधी वाटलं नाही. पुढे माळशेजचा रस्ता झाला, एसटी आली आणि आजोबांची वाट गुराख्यांकडे आणि ट्रेकवाल्यांकडे गेली.

कल्याणहून माळशेजकडे जाताना वैशाखरे गावाच्या पुढे ही वाट फुटते. समोर नानाचा अंगठा म्हणतात तो सुळका दिसत असतो आणि बराच वेळ चाललं तरी तो तेवढाच लांब राहतो. आधी रान, मग दगडगोटे, मग उभा चढ. शेवटी खडकात खोदलेल्या पायऱ्या लागतात. त्यांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. आम्हाला तीन तास लागले, त्यातला पाऊण तास बायकोच्या गुडघ्याचा आणि पाऊण तास माझ्या दम्याचा.

ही वाट सातवाहनांच्या काळातली, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची. समुद्राकडून आलेला माल कल्याण, सोपाऱ्याला उतरे. तो जुन्नरला आणि तिथून पैठणकडे न्यायचा तर मध्ये सह्याद्रीची ही भिंत. ती ओलांडायला घाट फोडला, वाटेत पाण्याची टाकी खोदली, वर विसाव्याला लेणं कोरलं. घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात.

लेण्यात शिरलं की डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा प्राकृत लेख दिसतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२८ मध्ये तो पाहिला. पुढे भगवानलाल इंद्रजींनी त्यातले अंक उलगडले आणि ब्यूलरनं १८८३ मध्ये वाचन प्रसिद्ध केलं. हा लेख राणी नागनिकेचा मानतात. पती सातकर्णी गेलेला, मुलं लहान, आणि तिनं केलेल्या-करवलेल्या यज्ञांची यादी इथं, भर रहदारीच्या वाटेवर, कोरून ठेवली. दोन अश्वमेध. दक्षिणा म्हणून एके ठिकाणी ११,००० गाई आणि १,००० घोडे, दुसऱ्या ठिकाणी २४,४०० कार्षापण नाणी. भारतातल्या अंकलेखनाच्या जुन्या नमुन्यांत या लेखाची गणना होते ती याच हिशेबामुळे.

मला मात्र त्यातले दोन शब्द जास्त ओढतात. त्या राणीचं वर्णन महिना महिना उपवास करणारी आणि घरात राहून तापसीसारखी जगणारी असं केलं आहे. मी हे मोठ्यानं सांगितलं तेव्हा गुडघा चोळत बसलेली बायको म्हणाली, "महिनाभर? मग वरचा हा सगळा हिशेब ठेवायला ताकद कुठून आली तिला?" तिला रमजानातली स्वतःची स्वयंपाकघरातली धावपळ आठवली असावी.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. सिमुक, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, एक महारठी. वर नावं कोरलेली आहेत. पुतळे फुटून गेले, खाली उरल्या त्या पावलांच्या खुणा.

मुलगी बराच वेळ त्या भिंतीसमोर उभी होती. मग म्हणाली, "अब्बा, यात आपल्यापैकी कुणीच नाही का?"

हा प्रश्न मला आधी वेगळाच ऐकू आला. आमच्यासारख्यांना तो बाहेरचे लोकही विचारतात, निराळ्या सुरात. पण हा लेख कोरला गेला तेव्हा इस्लामला अजून सहा-सातशे वर्षं अवकाश होता. तिला म्हणायचं होतं ते आजोबांसारख्यांविषयी. त्यांची नावं इथं नाहीत. घाट कुणी फोडला, हेही उरलेल्या मजकुरात नाही. जुन्नरच्या लेण्यांत मात्र धान्यवाल्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या श्रेणींची दानं नोंदवलेली आहेत, इरिल आणि चिट नावाच्या यवनांचीही आहेत. म्हणजे धंदेवाला दगडावर आला, पण बहुधा जमातीनं. एकट्या फिरस्त्याला तिथं जागा नव्हती.

एका फिरस्त्यानं स्वतःच लिहून ठेवलं, म्हणून तो उरला. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास चौलला उतरला आणि पाली, उमरी करत एक घोडा घेऊन जुन्नरला चढला. शंभर रूबलांचा घोडा, सगळी पुंजी त्यातच. गड चढायची वाट इतकी अरुंद की दोघं एकदम जाऊ शकत नाहीत, असं तो लिहितो. चार महिने चिखल नि पाऊस, हेही लिहितो. जुन्नरच्या असदखानानं त्याचा घोडा काढून घेतला. आमच्या धर्मात ये, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो; चार दिवसांची मुदत. निकितीन रडकुंडीला आला. तेवढ्यात खोजा महंमद नावाचा खुरासानी गृहस्थ तिथं पोचला, खानाकडे गेला आणि धर्म न बदलता घोडा सोडवून आणला. इतिहासाच्या वर्गात असदखान सगळ्यांच्या लक्षात राहतो. खोजा महंमदासाठी निकितीनची वही उघडावी लागते. मी मुलांना दोघांचीही नावं सांगितली.

शेवटच्या चिंचोळ्या खिंडीतून आम्ही माथ्यावर आलो. वारा असा की बोललेलं ऐकू येईना. मुलीनं रांजणात डोकावून पाहिलं. तळाला पावसाचं थोडं पाणी होतं आणि पाण्याच्या बाटलीचं एक झाकण. वरपर्यंत जुन्नरहून डांबरी रस्ता येतो, गाडी मागवता आली असती. मुलगा तसं म्हणालाही. पण बायकोनंच नको म्हटलं, आलो तसे जाऊ.

पायऱ्यांच्या तोंडाशी ती थांबली. हातातल्या काचेच्या बांगड्या तिनं एकेक करून काढल्या, रुमालात बांधल्या आणि रुमाल माझ्याकडे दिला.