कालबाह्य

कालबाह्य (विशेषण). काल आणि बाह्य या दोन संस्कृत पदांचा समास. चालू काळाच्या व्यवहारातून बाहेर पडलेले, असा अर्थ. केवळ जुनेपणा ही या शब्दाच्या योजनेस पुरेशी अट नव्हे : शेकडो वर्षांचे देवालय, जोवर त्यात पूजाअर्चा चालू आहे तोवर, प्राचीन म्हणवते, उलट चलनातून काढून घेतलेले नाणे टांकसाळीतून नुकतेच आलेले असले तरी कालबाह्य होते. वस्तू वा पद्धती आपोआप कालबाह्य ‘होते’. कायदा किंवा मत मात्र कोणीतरी कालबाह्य ‘ठरवावे’ लागते.

समीपार्थी शब्द : ‘जीर्ण’ म्हणजे झिजलेले, ‘अप्रचलित’ या शब्दात निंदेची छटा नाही, ‘मुदतबाह्य’ या शब्दास निश्चित तारखेची अपेक्षा असते, म्हणून तो औषधांस व दाव्यांस लागतो. ‘मोडीत निघणे’ हा प्रयोग मोडकी भांडी वजनावर विकण्याच्या व्यवहारातून आला. ‘रद्द’ व ‘बाद’ हे दफ्तरी शब्द.

‘कालातीत’ या शब्दाशी होणारा घोटाळा विशेष नोंदण्याजोगा आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत पाच हेत्वाभासांपैकी शेवटच्यास कालातीत अशी संज्ञा असून, योग्य समय टळल्यावर मांडलेला हेतू या तिच्या मूलार्थाची फोड टीकाकारांनी निरनिराळ्या रीतींनी केली आहे. अर्थात न्यायशास्त्रात जो दोष, तोच शब्द अर्वाचीन वाङ्मयसमीक्षेत काळाच्या मर्यादा ओलांडणाऱ्या कृतीचे भूषण झाला. ‘कालबाह्य’ या शब्दास असे भाग्य लाभलेले नाही.

राज्यव्यवहारात : पदार्थ कालबाह्य झाला म्हणजे त्याचे नावही लोपते, हा समज दफ्तरांच्या साक्षीने टिकत नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या व रघुनाथपंत हणमंते यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या (प्रत्यक्ष रचना धुंडिराज व्यास यांची असावी, असेही एक मत आहे) राज्यव्यवहारकोशात कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. त्याच धोरणाने अष्टप्रधानांत मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत आणि पेशव्याचा पंतप्रधान झाला. परंतु ज्या पदाचे फारशी नाव सर्वांआधी लोपावे, ते पेशवेपदच १७१३ पासून भट घराण्याकडे राहून १८१८ पर्यंत त्याच नावाने मराठी राज्याचा कारभार चालवीत होते. शब्द कालबाह्य करण्याची आज्ञा राजास देता येते, तिची अंमलबजावणी मात्र बोलणाऱ्यांच्या हाती असते, हे येथे स्पष्ट दिसते. परगणे व कुलकर्णी वतने मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने नष्ट झाली, तथापि कुलकर्णी, देशपांडे, चिटणीस, सबनीस ही नावे आडनावांच्या रूपाने अक्षय राहिली आहेत.

याहून बोलके उदाहरण आणेवारीचे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती अमलात येऊन १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै यांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. पूर्ण पीक म्हणजे १६ आणे, या मापाने गावच्या पिकाचा अंदाज बांधण्याची महसुली रीत होती; तिचे नाव बदलून ‘पैसेवारी’ झाले आणि ५० पैशांहून कमी पैसेवारीचे गाव टंचाईग्रस्त धरण्याचा प्रघात पडला. सरकारी कागदात पैसेवारी स्थिर झाली, तरी दुष्काळी भागातील शेतकरी सारामाफीची आशा धरून आजही ‘आणेवारी’ किती लागली असेच विचारतो. त्याच्या लेखी हा शब्द मुळीच कालबाह्य नाही, आणि कोशकारानेही त्यापुढे तशी खूण करू नये.

लिपिव्यवहारात : मोडी लिपीस हे विशेषण लावण्याची चाल आहे, ती संशोधकांस मान्य होण्यासारखी नाही, कारण जुनी दफ्तरे वाचताना ही लिपी त्यांच्या व्यवहारात आजही आहे.

यंत्रव्यवहारात : जुन्या बनावटीची, सुटे भाग न मिळणारी यंत्रे.