खिंडी, डोह आणि गेरूची भिंत : ॲलिस स्प्रिंग्जहून एका दिवसाची सहल

ऑस्ट्रेलिया खंडाच्या जवळजवळ मध्यावर ॲलिस स्प्रिंग्ज हे गाव वसले आहे. कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर. या भूमीचे मूळ रहिवासी असलेले अरंडा लोक गावाला म्बार्न्ट्वा म्हणतात. गावाच्या दोन्ही अंगांना पूर्व-पश्चिम पसरलेली मॅकडॉनल पर्वतरांग सुमारे ६४४ किलोमीटर लांब असून तिचे अरंडा नाव चोरिचा. रांगेच्या पश्चिम भागातील राष्ट्रीय उद्यान आज ही दोन्ही नावे धारण करते.

सकाळी निघून सायंकाळी परतता येईल अशी खिंडींची सहल हे येथील मुख्य आकर्षण. नुसता देखावा पाहणाऱ्याच्या हाती मात्र ती अर्धीच लागते. येथील खिंडींना कथा आहेत, कथांना वारसदार आहेत आणि वारसदारांचे नियम आहेत. सृष्टी घडविणाऱ्या पूर्वजांच्या त्या काळाला, आणि त्यातून आलेल्या आचारधर्मालाही, अरंडा भाषेत ‘अल्चेरा’ म्हणतात. देवराईतील काटकीही न उचलणाऱ्या आपल्याकडच्या गावकऱ्यांना ही कल्पना परकी वाटू नये.

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी थांबलेल्या भूगर्भीय उलथापालथीत या रांगा उंचावल्या आणि पुढे झिजत गेल्या. कठीण गारगोटी-खडकाचे कणे उरले व ते कापत नद्या दक्षिणेकडे वाहिल्या. या नद्या वर्षातील बहुतेक काळ वाळूचे पट्टेच असतात; पाणी टिकते ते खिंडीच्या सावलीतील डोहांत. म्हणून माणूस, प्राणी आणि कथा या तिघांचाही मुक्काम तेथेच.

पहिला थांबा गावापासून सुमारे १८ किलोमीटरवरील सिम्पसन्स गॅप, अर्थात रुंगुचिर्पा. अरंडा परंपरेत हे महाकाय गोआना पूर्वजांचे स्थान आहे. गोआना म्हणजे आपल्या घोरपडीचेच भाऊबंद. सकाळच्या उन्हात दगडांच्या राशीवर काळ्या पायांचे वॉलबी दिसतात, मात्र त्यासाठी स्वस्थ बसण्याची तयारी हवी.

भरदुपारी सुमारे ५० किलोमीटरवरील स्टँडली कॅझम गाठावे. अंगर्ला अट्वाचा हे तिचे मूळ नाव. ‘पाण्याची खिंड’ असा त्याचा अर्थ. अवघी तीनएक मीटर रुंद आणि ८० मीटर उंच अशी ही घळ. सूर्य माथ्यावर येताच तिच्या भिंती तांबड्या उजळतात आणि थोड्याच वेळात विझतात. स्त्रियांच्या परंपरेशी जोडलेले हे पवित्र स्थळ राष्ट्रीय उद्यानाच्या मालकीचे नाही. ते अरंडा समाजाच्या भूमी-न्यासाकडे असून समाजातील माणसेच ते चालवतात. येथील प्रवेशमूल्य म्हणूनच वेगळे भरावे लागते.

पुढे एलरी क्रीकचा डोह. पाणी उन्हाळ्यातही गारठवणारे असल्याने पोहण्याचा उत्साह जपून करावा. त्यानंतर सुमारे ११० किलोमीटरवर, एका कोरड्या ओढ्याच्या काठी, तांबड्या, पिवळ्या व पांढऱ्या थरांची गेरूची भिंत उभी आहे. हा गेरू दळून, पाण्यात किंवा चरबीत कालवून, अरंडा लोक विधींच्या वेळी अंगावर रेखत. दूरच्या जमातींशी त्याची देवघेवही होई. प्रवाशाने येथील मातीला हात लावू नये. चिमूटभर उचलली तरी तो गुन्हा ठरतो. शेवटचा टप्पा ऑर्मिस्टन घळीचा, सुमारे १३५ किलोमीटरवर. येथे बारमाही डोह आहे, आणि वेळ अपुरा असेल तर अन्य थांबे गाळून येथेच रेंगाळावे.

परतीच्या रस्त्याचे नाव नमाजिरा ड्राइव्ह. हे नाव नीट समजून घ्यावे असे आहे. अल्बर्ट नमाजिरा यांचा जन्म १९०२ मध्ये हर्मन्सबर्गच्या लुथरन मिशनवस्तीत झाला. रेक्स बॅटरबी या चित्रकाराला हा प्रदेश हिंडवून दाखवता दाखवता ते १९३६ मध्ये जलरंग शिकले, आणि १९३८ मधील मेलबर्नच्या प्रदर्शनात त्यांची सर्व चित्रे विकली गेली. याच टेकड्या, हेच पांढऱ्या बुंध्यांचे गोंदवृक्ष शहरांतील दिवाणखान्यांत पोहोचले. चित्रकाराला मात्र चराऊ जमिनीचा पट्टा नाकारला गेला आणि ॲलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधण्याची परवानगीही. १९५७ मध्ये त्यांना व पत्नीला पूर्ण नागरिकत्व मिळाले, तेव्हा मुलाबाळांना व आप्तांना ते नव्हते. मद्य विकत घेण्याची मुभा त्यांना, आप्तांना बंदी. आणि अरंडा रीत अशी की जवळचे वाटून घ्यावे. १९५८ मध्ये मद्य पुरविल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्या चित्रांचे स्वामित्वहक्क कुटुंबासाठीच्या न्यासाकडे परतले ते २०१७ मध्ये.

हर्मन्सबर्ग लॅरापिंटा ड्राइव्हवर आहे. वाटेत या रस्त्यापासून नमाजिरा ड्राइव्ह फुटतो, त्यामुळे एका दिवसात दोन्ही करण्याची घाई नको. मिशनची जुनी घरे पाहण्यासाठी दुसरा दिवस राखावा. हाती आणखी एक सकाळ असल्यास गावाच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर एमिली गॅप आहे. सुरवंट-पूर्वजांच्या रंगीत रेघा तेथील खडकावर दिसतात. जेथे छायाचित्रास मनाईचा फलक असेल तेथे कॅमेरा मिटलेलाच ठेवावा.

एप्रिल ते सप्टेंबर हा काळ उत्तम. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. राष्ट्रीय उद्यानासाठी बाहेरच्या प्रवाशांना पास घ्यावा लागतो. पिण्याचे पाणी व इंधन गावातूनच भरून न्यावे. वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात, परंतु सूर्यास्तानंतर कांगारू रस्त्यावर येतात. तेव्हा ऑर्मिस्टनहून ऊन असतानाच निघावे.