अंगातली होळी

काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, आणि ती पाहायला सगळ्या सातपुड्यातून माणसे येतात. आज मात्र बोलायचे आहे ते अंगात पेटणाऱ्या होळीविषयी, म्हणजे तापाविषयी.

तापकऱ्याला खाऊ घालावे की उपाशी ठेवावे, हा वाद फार जुना. चरकसंहितेत नव्या तापाला लंघन सांगितले आहे. पण बळ खचेल इतके नको, असेही बजावले आहे, आणि पुढे यवागू म्हणजे पातळ पेज द्यायला सांगितली आहे. आपल्या घरोघरी लंघन तेवढे लक्षात राहिले, पेज विसरली! युरोपातले वैद्यही रोग्याला उपाशी ठेवीत, वर त्याचे रक्त काढीत. एकोणिसाव्या शतकात डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी तापाच्या रोग्यांना जेवू घातले. आपल्या थडग्यावर तेवढेच लिहावे, असे ते म्हणत.

ताप एका अंश सेल्सियसने चढला की शरीराचा इंधनखर्च सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. १९३०च्या सुमारास ग्लासगोत डेव्हिड कथबर्टसन यांनी हाडे मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासली. तिच्यातून नायट्रोजन भसाभस वाहून जात होता. म्हणजे स्नायू झिजत होते. जंतुसंसर्गातही हेच घडते. स्नायूंतली प्रथिने मोडून यकृत लढाईचा दारूगोळा तयार करते. पांढऱ्या पेशी साखर भराभर जाळतात. जंतूंना मिळू नये म्हणून रक्तातले लोह दडवले जाते. भूक मरते, तीही याच व्यवस्थेत. २०१६ साली येल विद्यापीठात जिवाणुसंसर्ग झालेल्या उंदरांना बळेच भरवले तर ते दगावले; फ्लू झालेले भरवल्याने तगले. वाद अजून मिटलेला नाही, तो असा.

धडधाकट माणसाला हा खर्च पेलतो. पण ज्या पोराच्या अंगावर मांसच नाही, त्याने काय जाळायचे? कुपोषणाने संसर्ग बळावतो आणि संसर्गाने कुपोषण, हे १९६८ साली स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी साधार मांडले. यातले टेलर जन्माने आपल्या मसुरीचे.

जुलाब थांबल्यावर मुलाला निदान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे, असे आरोग्यशास्त्र सांगते. डोंगरातल्या पाड्यांवर पावसाळ्यात घरचे धान्य सरत आलेले असते. जुलाब आणि हिवताप नेमके तेव्हाच येतात. ते जास्तीचे जेवण आईने कुठून आणायचे?