विद्यार्थिगृहांचा इतिहास आणि कोहळी समाज

दिघोरीच्या पंचक्रोशीतील मुलगा उच्च शिक्षणासाठी निघाला की त्याची वाट बहुधा नागपूरकडेच वळते. अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक. रोज जाऊन येणे अशक्य. म्हणून महाविद्यालयात नाव दाखल होण्यापूर्वीच 'राहावयाचे कोठे?' हा प्रश्न पुढे उभा राहतो. कित्येकांचे शिक्षण बुद्धीअभावी नव्हे, तर परवडणाऱ्या बिऱ्हाडाअभावी खुंटते, हे ज्ञातिबांधवांस नव्याने सांगावयास नको. परंतु या प्रश्नासही इतिहास आहे, व तो उद्बोधक आहे.

नागपुरात हिस्लॉप कॉलेज 1883 साली व मॉरिस कॉलेज 1885 साली सुरू झाले. स्वतंत्र विद्यापीठ मात्र 4 ऑगस्ट 1923 रोजी स्थापन झाले. त्यास 2005 पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. विद्यापीठ आले तरी खेड्यातील विद्यार्थ्यास छप्पर आपोआप लाभत नाही. ज्यांचे आप्त शहरात स्थायिक होते त्यांची सोय झाली. नांगरधारी कुळांचे आप्त शहरात असणार कोठून?

हा भेद ज्या पुरुषाने सर्वांआधी नेमका ओळखला तो म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती. महाराजांनी 1896 साली सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. पण दार सर्वांस उघडे ठेवल्याने सर्वजण आत येतातच असे नाही. आधीच शिकलेल्या वर्गाच्या मुलांनीच ते भरून गेले. तेव्हा महाराजांनी मार्ग बदलला. 18 एप्रिल 1901 रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. पुढे 1906 साली मुस्लिम, 1907 साली लिंगायत आणि 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी मालिकाच उभी राहिली. दरबाराने जागा, इमारती व अनुदाने दिली, कारभार मात्र त्या त्या समाजाच्या शहाण्या माणसांवर सोपविला. यामुळे समाजास आपली संस्था आपण चालविण्याचे वळण लागले. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नव्हे.

जातवार वसतिगृहांनी जातिभेद दृढ झाला, असा आक्षेप घेणारे तेव्हाही होते व आजही आहेत. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु त्याच कोल्हापुरातील वातावरणात घडलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. 1924 साली साताऱ्यास त्यांनी सर्व जातींची मुले एका छताखाली व एका पंगतीस आणली. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. पैसा कोठून आला? घरोघरीच्या मूठमूठ धान्यातून, मुलांच्या श्रमांतून, आणि निकड आली तेव्हा सौ. लक्ष्मीबाईंच्या अंगावरील दागिन्यांतून; त्या माउलीने मंगळसूत्रही राखले नाही. आपल्या विदर्भातही डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले, व तेही सर्व जातींस खुले ठेवले.

आता आपल्याकडे वळू. कोहळी समाजाची कीर्ती तलाव बांधणाऱ्यांची. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे सांगतात. पाळ घालावयाची ती एकट्याच्या शेतापुरती नव्हे, पाणी खालच्या बांधीपर्यंत पोचावयाचे, ही त्या कामाची रीत. अशा समाजाने शहरात जमीन घेतली की प्रथम लग्नाचा मांडव उभारावा आणि मुलांच्या खोल्यांचा विचार 'पुढे पाहू' म्हणून ठेवून द्यावा, हे मला रुचत नाही. मंगल कार्यालयाचे भाडे येते हे खरे. त्या भाड्यातून दहा खोल्या चालविता येतात, हेही तितकेच खरे. त्या खोल्यांपैकी निम्म्या मुलींसाठी राखाव्यात. मुलास एखाद्या मित्राच्या खोलीत सतरंजी टाकून वर्ष काढता येते; मुलीस सुरक्षित जागा मिळाली नाही तर बाप तिला घरीच ठेवतो.

शासनानेही इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी 'ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना' जाहीर केली असून ती निवास-भोजनाच्या खर्चासाठीच आहे. अर्ज कोणी, कोठे करावयाचा, हे गावोगावच्या शिक्षकांनी मुलांस सांगितले पाहिजे.

एक अडचण मात्र केवळ धानाच्या मुलखातील लोकच जाणतात. महाविद्यालयांचे प्रवेश पावसाळ्याच्या तोंडाशी होतात, व रोवणीचा खर्च त्याच सुमारास उभा असतो. घरमालक अनामत व पहिल्या महिन्याचे भाडे रोख मागतो. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे धान विकल्यावर. इमारत होईल तेव्हा होईल. तोवर मंडळाने एक लहानसा अनामत-निधी उभारावा, जूनमध्ये ती रक्कम बिनव्याजी द्यावी व धान विकल्यावर परत घ्यावी. मागणारा मुलगा कोणत्या ज्ञातीचा, हे विचारू नये.