पेशीचा आकार आणि आसंजन : ऱ्हो प्रथिनांच्या शोधाचा इतिहास

प्रस्तावना

पेशीला आकार कसा प्राप्त होतो आणि ती पृष्ठभागाला कशी चिकटून राहते, हे प्रश्न दीर्घकाळ स्वतंत्रपणे अभ्यासले गेले. ऱ्हो कुलातील संकेतवाहक प्रथिने या दोन्हींचे नियंत्रण करतात, हे १९९२ मध्ये स्पष्ट झाले. हा शोध कसा घडला आणि त्यातून रूढ झालेले पाठ्यपुस्तकी चित्र कोठे अपुरे पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

मायकेल ॲबरक्रॉम्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सरकणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींची आसंजनस्थळे पाहिली. १९८६ मध्ये पेशीपटलावरील आसंजक प्रथिनांना ‘इंटेग्रिन’ हे नाव मिळाले. रचना अशी उलगडत होती. परंतु ती उभारण्याची आज्ञा कोण देते, हे अज्ञात होते.

तीन वाटा

या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित दिशांनी आले. १९८५ मध्ये पास्काल मादोल व रिचर्ड ॲक्सेल यांना ॲप्लिसिया या सागरी गोगलगायीत, कर्करोगाशी संबंधित रास जनुकाशी साम्य असलेले ऱ्हो जनुक सापडले. बॉट्युलिनम जिवाणूचे सी३ हे विकर ऱ्हो प्रथिन निष्प्रभ करते आणि त्यामुळे पेशीतील ॲक्टिन तंतूंची मांडणी विसकटते, हे १९८९ मध्ये दिसून आले. १९९० मध्ये यीस्टच्या कलिकायनासाठी त्याच कुलातील सीडीसी४२ आवश्यक असल्याचे आढळले. गोगलगाय, जिवाणू आणि यीस्ट यांचे अभ्यासक परस्परांच्या प्रश्नांची उत्तरे शोधत नव्हते, ही बाब लक्षणीय आहे.

निर्णायक प्रयोग

लंडन येथे ॲन रिडली व ॲलन हॉल यांनी उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशी सीरमविना ठेवल्या. अशा पेशींत ॲक्टिनचे ताणतंतू जवळजवळ नाहीसे होतात. त्यांत सक्रिय ऱ्हो प्रथिन सूक्ष्म सुईने टोचताच काही मिनिटांत ताणतंतू व आसंजनस्थळे निर्माण झाली. सीरम घातल्यानेही तेच घडले. मात्र सी३ने ऱ्हो आधीच निष्प्रभ केल्यास घडले नाही. म्हणजे बाह्य संकेत ऱ्होमार्फतच आत पोहोचत होता. त्याच वर्षी रॅक प्रथिनामुळे पटलाच्या कडेला घड्या पडतात, तर १९९५ मध्ये सीडीसी४२मुळे बोटांसारखे बारीक प्रवर्ध फुटतात, असे दिसून आले. ही प्रथिने जीटीपीशी बद्ध असताना कार्यरत आणि जीडीपीशी बद्ध असताना निष्क्रिय राहतात; म्हणून त्यांना ‘आण्विक कळा’ म्हणतात.

आकार व आसंजन यांचा दुवा १९९६ मध्ये अधिक स्पष्ट झाला. ऱ्हो-कायनेज हे विकर मायोसिनवरील फॉस्फेट काढणाऱ्या विकरास रोखते. परिणामी पेशीचे आकुंचन वाढते. हा ताणच विखुरलेल्या इंटेग्रिनना एकत्र आणून आसंजनस्थळे घडवितो, असे त्याच वर्षीच्या अन्य संशोधनातून पुढे आले. आसंजन हे केवळ चिकटणे नसून ताणाला दिलेला प्रतिसादही आहे, हा त्याचा अर्थ होय.

चित्राच्या मर्यादा

‘ऱ्हो म्हणजे आकुंचन, रॅक म्हणजे घड्या, सीडीसी४२ म्हणजे प्रवर्ध’ हे सूत्र अध्यापनास सोयीचे आहे. परंतु ते उपाशी ठेवलेल्या विशिष्ट पेशींत एकेक प्रथिन अतिरिक्त प्रमाणात सक्रिय करून मिळाले होते. २००९ मध्ये जिवंत पेशींत तिन्ही प्रथिनांच्या सक्रियतेचे मापन झाले. पेशीची कड पुढे सरकताना प्रथम ऱ्हो कडेलाच सक्रिय होते. रॅक व सीडीसी४२ सुमारे २ मायक्रोमीटर मागे आणि सुमारे ४० सेकंदांनी सक्रिय होतात, असे त्यात आढळले. केवळ आकुंचनाशी जोडलेले ऱ्हो पुढे सरकणाऱ्या कडेवरच कार्यरत असल्याचे यातून निदर्शनास आले.

निष्कर्ष

१९९२ चे प्रयोग यामुळे चुकीचे ठरत नाहीत. त्यांच्या निष्कर्षांची व्याप्ती निश्चित होते. सूत्र प्रयोगाच्या परिस्थितीपासून तोडून शिकविल्यास विद्यार्थ्याला उत्तर मिळते, परंतु ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते हे कळत नाही. विज्ञानाच्या अध्यापनात इतिहासाला स्थान असावे, ते याच कारणासाठी.