‘इष्टता विचारात घ्यावी’ : रावबहादूर बोले यांच्या दोन ठरावांची हकिकत

मुंबई सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी काढलेल्या एका आदेशात दोन वाक्ये आहेत. पहिल्यात सर्व खातेप्रमुखांना सांगितले आहे की, सरकारच्या मालकीची आणि सरकारी खर्चाने चालणारी जी सार्वजनिक ठिकाणे आहेत, तिथे कौन्सिलाच्या ठरावाची अंमलबजावणी करावी. दुसऱ्या वाक्याचा सूर पडलेला आहे. कलेक्टरांनी आपापल्या हद्दीतल्या स्थानिक संस्थांना हा ठराव स्वीकारण्याची इष्टता विचारात घेण्याचा सल्ला द्यावा, एवढेच त्यात म्हटले आहे. हुकूम खातेप्रमुखांना, सल्ला नगरपालिकांना. गावातली तळी, विहिरी आणि धर्मशाळा तर बहुतेक नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्याच ताब्यात होत्या.

ज्या ठरावावरून हा आदेश निघाला तो सीताराम केशव बोले यांचा. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास सांगताना बोल्यांचे नाव एका वाक्यात येते आणि लेखक पुढे सरकतो. मला ते एक वाक्य अपुरे वाटते. ठराव कौन्सिलात मंजूर झाला, तेव्हा बोल्यांचे काम संपले नव्हते, आणि ते त्यांना ठाऊक होते. त्यांची कौन्सिलातली कारकीर्द पाहायची ती १९२३ चा ठराव आणि १९२६ चा ठराव या दोहोंच्या मधल्या तीन वर्षांत.

बोले भंडारी समाजातले. माडाच्या झाडावर पोट असलेला हा समाज, आणि इंग्रजांच्या अबकारी कायद्याने त्याच्या धंद्याची काय वाताहत केली हे कोकणात आणि मुंबईच्या माहीम-दादर भागात कोणाला सांगावे लागत नसे. सरकारी कायदा पोटावर कसा येतो, हे या समाजातल्या कार्यकर्त्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. बोल्यांचे सार्वजनिक आयुष्य कौन्सिलाच्या कितीतरी आधी सुरू झाले. १९०९ साली मुंबईच्या गिरणगावात कामगार हितवर्धक सभा निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. त्याआधी दोन वर्षे, १९०७ मध्ये, एक महार मुलगा मॅट्रिक झाला म्हणून मुंबईत त्याच्या सत्काराची सभा भरली. तिचे अध्यक्ष बोले होते. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्या मुलाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. अध्यक्षाच्या खुर्चीत कोण बसले होते हे मात्र आपण विसरतो. मुलाचे नाव अर्थातच भीमराव रामजी आंबेडकर.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती मंत्र्यांकडे सोपवली गेली. तिजोरी आणि पोलीस गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिले. काँग्रेसने १९२० च्या निवडणुकीवर बहिष्कार घातला. त्यामुळे पहिल्या कौन्सिलात ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना एरवी मिळाली नसती एवढी जागा मिळाली. बोले या कौन्सिलात होते. मताचा हक्क मात्र मालमत्ता आणि कर यांच्यावर ठरत असे. ज्यांना पाणवठ्यावर जाता येत नव्हते त्यांच्यापैकी फारच थोड्यांना मत होते. त्यांचा आवाज कौन्सिलात पोचायचा तो सरकारने नेमलेल्या सभासदाच्या तोंडून.

या कौन्सिलाच्या कामकाजात विधेयक आणि ठराव यांच्यात मोठे अंतर होते. विधेयक मंजूर होऊन गव्हर्नर आणि गव्हर्नर जनरल यांची संमती मिळाली की कायदा. ठराव मंजूर झाला तरी तो सरकारला केलेली शिफारसच. सरकारने ती मानावी, न मानावी, अर्धी मानावी.

बोल्यांना दोन्ही अवजारे वापरता येत होती, हे त्यांच्या जोशी बिलावरून दिसते. गावच्या वतनदार जोशाने विधी केला नाही तरी त्याची दक्षिणा त्याला मिळालीच पाहिजे, असे इंग्रजी न्यायालये जुन्या हक्काच्या नावाखाली मान्य करीत आली होती. सत्यशोधकांनी भटजी न बोलावता लग्ने लावली, तेव्हा याच आधारावर त्यांच्यावर दावे गुदरले गेले. बोल्यांच्या विधेयकाने या मागणीचा कायदेशीर आधारच काढून घेतला. १९२६ चा मुंबई कायदा क्रमांक ११ हा तो. खोतीविरुद्धही त्यांनी विधेयक आणले होते, पण खोती तेव्हा हलली नाही. तिच्यावरचा पुढचा मोठा हल्ला १९३७ मध्ये आंबेडकरांनी आणलेल्या विधेयकाने झाला.

मग जोशाच्या दक्षिणेसाठी कायदा आणि पाण्यासाठी नुसता ठराव, असे का? माझ्या मते याची कारणे दोन. जोशाचा हक्क न्यायालयांनीच मान्य केलेला होता, म्हणून तो काढायला कायदाच लागत होता. सरकारी पैशाच्या विहिरीवर अस्पृश्याने जाऊ नये असा कायदा मात्र कुठेच नव्हता. होती ती रूढी, आणि तिच्या पाठीशी काठी. कायद्यात नसलेला अडथळा कायद्याने दूर करा, अशी मागणी करताना पहिला प्रश्न येतो की मुळात अडवतो कोण? दुसरे कारण अधिक साधे आणि कमी शोभणारे आहे. जोशाच्या बिलाचा फायदा कुणबी, माळी, भंडारी, मराठा अशा मतदारांना होता. पाण्याच्या ठरावाचा फायदा ज्यांना व्हायचा, त्यांची मते कौन्सिलातल्या फारशा कोणाला नको होती.

४ ऑगस्ट १९२३ च्या ठरावाची भाषा मोजूनमापून केलेली आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अगर कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या कारभाराखाली असलेले सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत. देवळांचा उल्लेख नाही. खासगी विहिरींचाही नाही. वाद धर्माच्या अंगणात जाणार नाही याची काळजी घेऊन बोल्यांनी तो पैशाच्या अंगणात आणला. पैसा कोणाचा? सर्वांचा. मग पाणीही सर्वांचे. या मांडणीला उत्तर देणे अवघड होते, आणि ठराव मंजूर झाला.

महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून चवदार तळे खुले केले. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी माणसे त्या नगरपालिकेत होती म्हणून हे घडले. कलेक्टरच्या सल्ल्याने एकट्याने घडले नसते. खुले झाले ते कागदावर. तळ्याकाठच्या वस्तीच्या धाकाने एकही अस्पृश्य त्या पायऱ्या उतरला नाही. कौन्सिलाचा ठराव, सरकारचा आदेश आणि नगरपालिकेचा ठराव असे तीन कागद एकावर एक रचले गेले, आणि तळ्याचे पाणी होते तिथेच होते.

बोले ५ ऑगस्ट १९२६ रोजी पुन्हा उभे राहिले. या वेळी त्यांनी मागितले ते असे: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे १९२३ चा ठराव अमलात आणत नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. हाही ठरावच, म्हणजे शिफारसच. पण पहिला ठराव सद्भावनेला हात घालीत होता, दुसरा थेट कनवटीला. तीन वर्षांत बोले कोणत्या निष्कर्षाला आले होते, हे या फरकात सगळे आले. स्वतःचा ठराव नुसता कागद उरला आहे हे भर सभागृहात दाखवून देणे आणि त्याच सभागृहाकडून त्यावर उपाय मागणे कोणत्याही आमदाराला सोपे नसते. बहुतेक जण मंजूर झालेला ठराव चरित्रात नोंदवून मोकळे होतात. (तेव्हाही तसेच होते, आताचे तर विचारूच नका.) त्याच वर्षी दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा अधिकार असावा म्हणून जो वाद पेटला, त्यात प्रबोधनकार ठाकरे आणि आंबेडकर यांच्याबरोबर बोलेही होते. सभागृहातला माणूस रस्त्यावरही होता, एवढे त्यावरून कळते.

पुढचे महाडला घडले. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी तिथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषद संपत आली असता अनंतराव चित्रे यांनी सुचवले की, नगरपालिकेचा ठराव आहे, तर आपण सगळ्यांनी आता तळ्यावर जाऊन तो अमलात आणू. आंबेडकर पुढे, मागे हजारोंची रांग. लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. कौन्सिलातली शिफारस लोकांनी स्वतःच अमलात आणली. मग देवळात घुसणार अशी आवई उठली, परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, आणि दही, शेण, दूध, गोमूत्र भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून पाणी ‘शुद्ध’ करण्यात आले.

नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख ४ ऑगस्ट १९२७, म्हणजे बोल्यांचा पहिला ठराव मंजूर झाल्यापासून दिवसाबरहुकूम चार वर्षे. इष्टता विचारात घेण्याचा सल्ला होता. नगरपालिकेने ती घेतली, आणि नंतर सोडली. सल्ल्याला एवढीच किंमत असते.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरायची होती. तिच्या आधीच महाडच्या काही स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. तळे आमचे, अस्पृश्यांना मज्जाव ही अनादी काळची रूढी, असे त्यांचे म्हणणे. आंबेडकरांनी मनाई पाळली. लोकांनी तळ्याला वळसा घातला, पाण्याला हात लावला नाही. दावा दहा वर्षे चालला. महाडच्या न्यायालयाने ८ जून १९३१ रोजी तो फेटाळला, ठाण्याच्या न्यायालयाने ३० जानेवारी १९३३ रोजी अपील फेटाळले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल कायम केला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठातले न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारेच न्यायाधीश.

या निकालाचा पाया बोल्यांचा ठराव नव्हता. वादींना अनादी रूढी सिद्ध करता आली नाही, म्हणून ते हरले. बोल्यांच्या शब्दांना न्यायालयात वजन नव्हते, ते द्विदल पद्धतीतल्या कौन्सिलाच्या ठरावाला असणारच नव्हते. पण २० मार्चला चित्रे उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात मागणी नव्हती, मंजूर झालेला ठराव होता. ‘आम्हाला द्या’ असे म्हणत जाणे आणि ‘हे आमचे ठरले आहे’ असे म्हणत जाणे, यांतला फरक त्या गर्दीला नक्कीच कळला असणार.

बोल्यांची पुढची वाट वेगळी झाली. ते हिंदुमहासभेच्या वर्तुळात गेले, आणि ज्या मुलाच्या सत्काराचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले होते त्याने १९३५ मध्ये येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असे सांगितले. या एकाच कारणाने दोन्ही बाजूंच्या इतिहासकारांना बोले थोडे अडचणीचे वाटत असावेत. दादरला आगार बाजारापाशी त्यांच्या नावाचा रस्ता आहे, तो बोलायला कोणाला अडचण येत नाही.

राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा भाग बोल्यांच्या ठरावाशेजारी ठेवून वाचावा. विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराची ठिकाणे, जी पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखली जातात किंवा सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेली आहेत, त्यांच्या वापराबाबत केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकावर कसलीही अट वा निर्बंध असणार नाही. पैशाचा तोच निकष, जवळपास तीच यादी. ‘वापरू द्यावेत’ हे क्रियापद तेवढे गेले आहे, आणि कलेक्टरने कोणाला सल्ला द्यायचा उरलेला नाही.